समस्या निवारण: कमिटीत तोच विषय दर मीटिंगला परत येतो आणि निर्णय होतच नाही

प्रॉब्लेम काय आहे

कमिटी आहे, अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, अजेंडा सगळ्यांना वेळेवर जातो, लोक येतात, बोलतात, कधी आवाज चढतो, शेवटी "छान चर्चा झाली" म्हणत सगळे उठतात आणि पुढच्या मीटिंगला तोच विषय त्याच नंबरवर परत हजर. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या कमिट्यांत सचिवाचं काम बघतोय, काही पाच जणांच्या, काही पंचवीस जणांच्या, आणि हा बिघाड सगळीकडे सारखाच दिसतो, मग कामाचा विषय कुठलाही असो. मला कमिटी हा प्रकार मनापासून आवडतो, चार डोकी एकत्र बसली की एकट्याच्या नजरेतून सुटलेल्या कितीतरी गोष्टी सापडतात, म्हणूनच ती अशी अडकून पडली की जीव तुटतो. आणि हसूही येतं, कारण अडकायची तऱ्हा शेकडो वर्षांत फारशी बदललेली नाही. त्याचा फायदा असा की बिघाड ओळखीचा आहे, त्यामुळे दुरुस्तही होतो.

लक्षणं

एका कमिटीतला नमुना देतो. कपाट एक, चावी एक, ती कोणाकडे ठेवायची एवढाच विषय. इतिवृत्तातल्या नोंदी ओळीने वाचा.

पहिली मीटिंग: "कपाटाच्या चावीबाबत सविस्तर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले."

दुसरी: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. चावीबाबत सर्व बाजूंनी विचार होणे आवश्यक असल्याने तीन सदस्यांची उपसमिती नेमण्यात यावी असे सर्वानुमते ठरले."

तिसरी: "कोरमअभावी उपसमितीची बैठक होऊ शकली नाही. उपसमितीस मुदतवाढ देण्यात आली."

चौथी: "उपसमितीचा अहवाल तयार आहे. तथापि तो कपाटात असल्याने व कपाट बंद असल्याने सादर होऊ शकला नाही. विषय पुढील सभेत घ्यावा."

पोट धरून हसा, मग परत एकदा नीट वाचा. चारही नोंदी नियमाला धरून आहेत, कोणी कामचुकारपणा केलेला नाही, तीन जणांनी वेळ काढून अहवाल लिहिलासुद्धा. आणि चारही नोंदींत एका माणसाचं नाव नाही, एक तारीख नाही. तुमच्या कमिटीच्या मागच्या तीन मीटिंगांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, काढा आणि अडकलेल्या विषयाच्या नोंदी अशाच एकाखाली एक लिहून बघा. "चर्चा झाली", "विचार व्हावा", "पाठपुरावा करण्यात यावा" एवढंच सापडलं तर तुम्ही योग्य पानावर आहात, पुढे वाचा.

आधी ही एक टेस्ट करा

१९४४ साली दुसरं महायुद्ध चालू असताना अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर खात्याने, म्हणजे सीआयएच्या आधीच्या खात्याने, एक बारकी पुस्तिका काढली होती. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात नोकरी करणाऱ्या साध्या माणसाने बॉम्ब-बंदुकीला हात न लावता कामात खोडा कसा घालायचा, हे त्यात शिकवलंय. त्यातला ऑफिस आणि संस्थांवरचा भाग वाचताना मी थक्क झालो. प्रत्येक गोष्ट कमिटीकडे अधिक अभ्यासासाठी पाठवा. कमिटी जमेल तेवढी मोठी करा, पाचापेक्षा कमी माणसं तर नकोतच. वारंवार आणि लांबलचक भाषणं करा. असंबद्ध मुद्दे काढा. ठरावातल्या आणि मिनिट्समधल्या शब्दरचनेवर घासाघीस करा. मागच्या मीटिंगला जे ठरलं ते परत उकरून काढा. घाई नको, जपून जाऊया असं सांगत राहा. आणि हा निर्णय आपल्या अखत्यारीत येतो का, वरचे काय म्हणतील, अशी शंका काढा.

आता या यादीतल्या किती गोष्टी तुमच्या मागच्या मीटिंगमध्ये घडल्या ते मोजा. एकदोन सगळीकडेच घडतात. चार-पाच असतील तर दुरुस्ती लागणार. तुमच्यात कोणी हेर घुसलेला नाही हे मात्र लक्षात ठेवा, भली, प्रामाणिक, कमिटीच्या भल्यासाठी झटणारी माणसंच हे सगळं करतात, कारण यातली प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर शहाणपणाचीच वाटते. जपून जाऊया म्हणणाऱ्याला चूक कसं म्हणणार? म्हणून माणसांवर राग काढू नका, सेटिंग बदला.

कारण १: माणसं जास्त झाली

पाचामुखी परमेश्वर ही म्हण मला फार आवडते, आणि आकडासुद्धा नेमका आहे बघा. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने १९५७ च्या पुस्तकात कमिटीचा आकार आणि तिची निष्क्रियता यांचं गणित विनोदी अंगाने मांडलंय. त्याचंही म्हणणं हेच की सुरुवातीची कमिटी पाच जणांची असते, जमवायला सोपी, कामाला झटपट. पाचातल्या चौघांना आपापला विषय चांगला येतो आणि ज्याला यातलं काहीच येत नाही तो अध्यक्ष होतो. मग माणसं वाढत जातात, आणि १९.९ ते २२.४ च्या दरम्यान कुठेतरी कमिटी कामातून जाते. हे दशांश कुठून आले? तर मीटिंगला उशिरा येणारे आणि मधूनच उठून जाणारे यांच्यासाठी! एवढी माणसं झाली की टेबलाच्या दोन टोकांना वेगवेगळ्या गप्पा सुरू होतात, मधल्याला आपलं म्हणणं ऐकू जावं म्हणून उभं राहावं लागतं, आणि माणूस एकदा उभा राहिला की भाषण आलंच.

हे विनोदाने लिहिलेलं असलं तरी मोजून बघितलेलंही काही आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने लोकांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, ते काम १९१३ मध्ये छापून आलं. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ भरतो, तिघांत ८५, आणि आठ जण झाले की ४९. आठ जणांत प्रत्येकाचा निम्मा जोर गेला कुठे? थोडा ताळमेळ जमत नाही म्हणून जातो, थोडा दुसरा ओढतोच आहे म्हणून जातो. शिवाय माणसं वाढली की जोड्या वाढतात, पाच जणांत आपसातल्या जोड्या १०, बारा जणांत ६६, वीस जणांत १९०, आणि यातल्या कुठल्याही दोघांत जुनं काही बिनसलेलं असलं की ते प्रत्येक विषयात डोकं वर काढतं.

उपाय: निर्णय घेणारे पाच ते सात ठेवा. हे ऐकलं की पहिला प्रश्न येतो, बाकीच्यांना काढायचं कसं, वाईट वाटेल. काढू नका. त्यांना "निमंत्रित" करा, ज्या विषयात त्यांची माहिती लागते त्या विषयापुरतं बोलवा, बाकी मिनिट्सची प्रत पाठवा. बहुतेकांना सुटल्यासारखंच वाटतं.

कारण २: सोप्या विषयाला जास्त वेळ

त्याच पार्किन्सनचं एक उदाहरण आहे, वित्त समितीच्या एका बैठकीचं. पहिला विषय एक कोटी पौंडांची अणुभट्टी, मंजुरीला लागली अडीच मिनिटं, कारण ती कोणाला कळत नाही आणि कळत नाही हे बोलून दाखवायचं नसतं. दुसरा विषय सायकली ठेवायची शेड, त्यावर पाऊण तास, कारण शेड सगळ्यांना कळते, छप्पर कशाचं असावं यावर प्रत्येकाला मत आहे. तिसरा विषय मीटिंगच्या कॉफीचा खर्च, त्यावर सव्वा तास आणि शेवटी अधिक माहिती मागवून विषय पुढे ढकलला. सॉफ्टवेअरवाल्यांनी तर या शेडवरून क्रियापदच केलंय. १९९९ साली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात, कॉम्प्युटरला ठरावीक सेकंद थांबायला सांगणाऱ्या "स्लीप" नावाच्या एका साध्या कमांडला सेकंदाचा अपूर्णांक चालावा का यावर मेलांचा असा पूर आला की पौल-हेनिंग काम्प या डेव्हलपरने वैतागून याच शेडची आठवण करून देणारी मेल लिहिली, तेव्हापासून प्रोग्रामर लोक अशा चर्चेला "बाइकशेडिंग" म्हणतात.

मला यात लोकांचा दोष अजिबात वाटत नाही. माणूस मीटिंगला आलाय तो हातभार लावायला, अणुभट्टीत त्याला हात घालता येत नाही, मग तो रंगाच्या डब्यात घालतो.

उपाय: अजेंड्यात मोठा आणि अवघड विषय सगळ्यात आधी घ्या, डोकी ताजी असताना. प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहा, आणि घड्याळाकडे बघायचं काम अध्यक्षांकडे देऊ नका, दुसऱ्या कोणाला तरी द्या, कारण अध्यक्ष स्वतः चर्चेत रंगतात. अवघड विषयाची एक पानाची टिपणी आधी पाठवा आणि तिच्या शेवटी तीन प्रश्न छापा, "हे बिघडलं तर काय", "स्वस्तात होईल का", "नाही केलं तर काय होईल". हे प्रश्न कोणालाही विचारता येतात, आणि छापलेले असले की विचारायची लाज वाटत नाही. रंग, नाव, फॉन्ट, बोर्डाची जागा असले विषय मीटिंगमध्ये आणूच नका, एका माणसाला देऊन टाका आणि त्याने जे केलं ते सगळ्यांनी मान्य करायचं असा ठरावच करून ठेवा. तो माणूस खूश होतो, रंगही बरा निघतो.

कारण ३: नाव नाही, तारीख नाही (बहुतेकांचा बिघाड इथेच असतो)

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढंच करा. "तूही राणी, मीही राणी, पाणी कोण आणी" ही म्हण ज्याने केली त्याने कमिटीचं काम जवळून बघितलेलं असणार. "आपण हे करायला पाहिजे" असं बारा जण एकमताने म्हणतात, मान डोलावतात, आणि घरी जाताना बाराही जणांना मनापासून वाटत असतं की उरलेल्या अकरांपैकी कोणीतरी करेल. यात आळस नाहीये, जो तो दुसऱ्याचा मान राखतोय, आपण मध्येच पुढे कशाला व्हा असं वाटणारी ही माणसं आहेत.

म्हणून मिनिट्सची प्रत्येक नोंद कोण, काय, कधीपर्यंत या तीन गोष्टींनीच संपली पाहिजे. वरची चावीची पहिली नोंद अशी लिहिली असती तर तिथेच संपली असती: "चावी सचिवांकडे राहील. दुसरी चावी करून ती ५ तारखेपर्यंत खजिनदारांकडे सचिव देतील." झालं, दोन ओळी. उपसमिती नाही, अहवाल नाही.

काही बारकावे, जे अनुभवाशिवाय कळत नाहीत. एका कामापुढे दोन नावं लिहू नका, दोघांना वाटतं दुसरा बघतोय, दोन नावं म्हणजे शून्य नावं. गैरहजर माणसाचं नाव कधीच लिहू नका, हा मोह सगळ्यांना होतो, जो आला नाही त्याच्या गळ्यात काम, आणि मग पुढच्या मीटिंगला तो येतो आणि म्हणतो मला माहीतच नव्हतं, आणि ते खरंच असतं. तारखेच्या जागी "लवकरात लवकर" लिहू नका. आणि नोंद घरी जाऊन लिहू नका, विषय संपला की तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवा, "म्हणजे हे काम अमुक जण अमुक तारखेपर्यंत करणार, बरोबर?" असं विचारा. यावर जी शांतता पसरते ना, ती त्या विषयावरची सगळ्यात उपयोगाची चर्चा असते. कारण आत्तापर्यंत "करूया, करूया" म्हणणारे सगळे पहिल्यांदाच विचार करतात की हे खरंच करायचंय का. कोणीच हात वर केला नाही तर विषय रद्द झाला अशी स्वच्छ नोंद करा. तो पुढच्या मीटिंगला जात नाही, संपतो. हे लिहिताना सुरुवातीला जड जातं, पण न होणाऱ्या कामाचं ओझं दर महिन्याला वाहण्यापेक्षा बरं.

कारण ४: सगळ्यांनी हो म्हणायची वाट बघणं

सर्वानुमते ठरलं की सगळ्यांना बरं वाटतं, पण तेच सक्तीचं केलं की काय होतं याचा मोठा दाखला पोलंडच्या इतिहासात आहे. तिथल्या सेयम या संसदेत एका सदस्याने जरी "मला मान्य नाही" म्हटलं तरी सगळं अधिवेशन मोडायचं आणि त्यात आधी पास झालेले कायदेही रद्द व्हायचे. १६५२ साली एकट्या माणसाने पहिल्यांदा हे केलं. पुढे सवयच लागली, आणि १७३३ ते १७६३ या तिसऱ्या ऑगस्टस राजाच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकच अधिवेशन, १७३६ चं, कायदे करून नीट पार पडलं. शेवटी १७९१ च्या राज्यघटनेने हा अधिकार काढला, पण पुढच्या चार वर्षांत देशच शेजाऱ्यांनी वाटून घेतला. बैल गेला आणि झोपा केला.

उपाय आहे आणि चांगला आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये मतदान घेत नाहीत, ढोबळ सहमती झाली की पुढे जातात. सहमती किती आहे ते जोखायला अध्यक्ष लोकांना चक्क गुणगुणायला सांगतात, या बाजूचे "हम्म" करा, आता त्या बाजूचे करा, आणि आवाजावरून अंदाज घेतात. मोठमोठे इंजिनिअर हॉलमध्ये बसून गुणगुणतायत हे चित्रच मला फार गोड वाटतं, पण मागचा विचार पक्का आहे, विरोध करणाऱ्याचा मुद्दा ऐकून त्याला उत्तर द्यायला पाहिजे, तो मान्यच करायला पाहिजे असं नाही. साध्या कामांसाठी अपाचे या सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांतली पद्धत उचला, प्रस्ताव लिहून सगळ्यांना पाठवायचा, ७२ तासांत कोणी कारणासकट हरकत घेतली नाही तर मंजूर. "कारणासकट" हा शब्द ठरावात जरूर घाला.

ठरलेलं परत उकरणारा सदस्य

याला वेगळं औषध आहे. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अभियंत्यावर १८६३ साली अचानक एक सभा चालवायची वेळ आली, सभेत गोंधळ उडाला, मग त्याने वर्षानुवर्षं अभ्यास करून १८७६ मध्ये सभा चालवण्याचे नियम छापले, ते अजून वापरात आहेत. त्यातला एक नियम सोन्यासारखा आहे. झालेल्या निर्णयाचा फेरविचार करायची सूचना फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेला सदस्यच मांडू शकतो. हरलेल्याने आधी जिंकलेल्यांपैकी एकाचं तरी मन वळवायचं, मगच विषय टेबलावर. भांडण नाही, अपमान नाही, आणि खरंच काही नवी माहिती आली असेल तर वाटही मोकळी राहते.

मीटिंग संपतच नाही

उभ्याने घ्या. १९९९ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात बसून घेतलेल्या मीटिंगा उभ्याने घेतलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त चालल्या आणि निर्णय काही जास्त चांगले निघाले नाहीत. ब्रिटनच्या राजाला सल्ला देणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलची बैठक तर उभ्यानेच होते. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांना अर्थात खुर्ची द्या.

यापेक्षा कडक उपाय हवा असेल तर १२६८ साली पोप निवडायला जमलेल्या कार्डिनलांचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंचं बघा. इटलीतल्या वितेर्बो गावात ते जवळजवळ तीन वर्षं बसले, निवड होईना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, जेवण कमी केलं, छप्परसुद्धा काढलं असं सांगतात. १२७१ मध्ये एकदाचे दहावे ग्रेगरी निवडले गेले आणि त्यांनी १२७४ मध्ये नियमच केला की पुढच्या वेळी सगळ्यांना एकत्र कोंडायचं, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर फक्त पाव, पाणी आणि वाइन. त्या नियमाखालची पहिली निवड १२७६ मध्ये एका दिवसात झाली! छपराला हात लावायची गरज नाही, पण मीटिंगची संपायची वेळ अजेंड्यावर छापा आणि तेवढ्याला उठा, वाक्य अर्धं राहिलं तरी.

तरीही विषय परत आलाच तर

हे सगळं करूनही तोच विषय तिसऱ्यांदा आला तर कमिटीचं काम संपलेलं असण्याची शक्यता धरा. बऱ्याच कमिट्या ज्या कामासाठी नेमल्या ते होऊन गेलेलं असतं, पण बंद कोणी करायचं हे ठरलेलं नसतं म्हणून त्या चालूच राहतात आणि विषय शोधत बसतात. नवीन कमिटी नेमताना नेमणुकीच्या ठरावातच ती कधी बरखास्त होणार ते लिहा, चालू ठेवायची असेल तर त्यासाठी नवा ठराव करावा लागेल असं ठेवा. जुनी असेल तर शेवटची मीटिंग बोलवा आणि अजेंड्यावर तीनच विषय घ्या, इतिवृत्त कायम करणे, उरलेली कामं कोणाकडे जातात ते नावानिशी लिहिणे, आणि कमिटी बरखास्त करण्याचा ठराव. "ऐनवेळी येणारे विषय" ही ओळ त्या अजेंड्यातून आठवणीने काढा, नाहीतर तिथूनच पुढच्या मीटिंगची तारीख निघते.